इस्पितळाच्या दारातील गर्दी

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली निवर्तल्यावर त्यांच्या स्मरणार्थ वैद्यकशाळा काढण्याचा जो विचार शहरातील प्रतिष्ठितांत बळावला, त्याला जमशेटजी जीजीभॉय यांच्या लाख रुपयांच्या देणगीची आणि कंपनी सरकारच्या साहाय्याची जोड मिळून १८४५ साली भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. इस्पितळ सुरू झाले. तेथील अध्यापनाच्या जागा दीर्घकाळ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिल्या. म्हणूनच शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी अध्यापक हिंदीच असावेत अशी अट घालून दान दिले, आणि १९२६ साली परळच्या गिरणगावात महापालिकेचे के. ई. एम. इस्पितळ उघडले. असहकाराच्या चळवळीत १९२१ साली जन्मलेले नॅशनल मेडिकल कॉलेजही नायर इस्पितळासह १९४६ साली महापालिकेकडे आले. इमारतीस धनिकाचे नाव लागे. परंतु औषधे, परिचारिका आणि दुरुस्ती यांचा प्रतिवर्षीचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीवर येई, व दान एकदाच होत असले तरी हा खर्च अखंड चाले.

याच १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या आरोग्यविषयक समितीने आपला अहवाल सादर केला. द्रव्याच्या अभावी कोणीही उपचारास मुकू नये, या तत्त्वावर आधारलेल्या तिच्या दीर्घकालीन योजनेत दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर साडेसहाशे खाटांचे दुय्यम, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अडीच हजार खाटांचे मोठे रुग्णालय, अशी चढती रचना होती. तिचे मर्म हे, की साध्या दुखण्याचा रोगी गावाजवळच बरा व्हावा आणि केवळ दुर्धर व्याधीच शिखरापर्यंत पोहोचावी. प्रत्यक्षात सपाट मुलखात तीस हजार वस्तीमागे चारसहा खाटांचे प्राथमिक आरोग्य केंद्र, एवढाच आपल्या नियमांचा आवाका राहिला.

पायथा असा आक्रसला, म्हणून सारा भार शिखरावर आला. आज के. ई. एम. किंवा सायनच्या इस्पितळातील कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर ताटकळणारा, वॉर्डात दोन खाटांमधील फरशीवर गादी टाकून निजवलेला रोगी पुष्कळदा दूरच्या तालुक्यातून आलेला असतो. खाट रिकामी नसतानाही त्याला परत न पाठविणारे निवासी डॉक्टर आणि परिचारिका या इस्पितळांची अब्रू राखीत आहेत. त्या गर्दीचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील शासकीय खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ती मुदत उलटली, वचन अपुरेच राहिले. नव्या इमारतींच्या कोनशिला बसविण्यापूर्वी तालुक्याच्या दवाखान्यातील रिक्त पदे भरण्याची व औषधांची तरतूद अंदाजपत्रकात झाली आहे की नाही, हे मतदारांनी आपल्या प्रतिनिधीस दरवर्षी विचारले पाहिजे.