दमट हवेत गवत वाळविण्यासाठी टेडरचा वापर

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पावसाळा सरताना गवत फुलोऱ्यात येते. चारा म्हणून कापणीची हीच योग्य वेळ. पण परतीचा पाऊसही तेव्हाच असतो. उघडीप पक्की होईपर्यंत थांबल्यास गवत जून होते, कुसळी गवताची कुसळे टणक होऊन जनावरांच्या तोंडाला टोचतात. अर्धवट वाळलेले गवत रचल्यास गंजी तापते, बुरशी येते.

ताज्या गवतात ७५ टक्के पाणी धरले, तर १ टन गवत १५ टक्के ओलाव्यापर्यंत आणताना सुमारे ७०० किलो पाणी उडून जावे लागते. कापून पडलेल्या ओळीचा वरचा थर वाळतो. खालचा मात्र जमिनीची ओल धरून हिरवाच राहतो. टेडर हे ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारे यंत्र आहे. त्याच्या फिरत्या चक्रांचे स्प्रिंगदार दाते गवत उचलून सैल पसरवतात. रेकचे काम याच्या उलट, म्हणजे पसरलेले गवत ओळीत गोळा करण्याचे.

सकाळी दव उडाल्यावर गवत कापावे व एक-दोन तासांत पहिला टेडर फिरवावा. हा पहिला फेरा सर्वांत मोलाचा, कारण सुरुवातीला पाणी झपाट्याने उडते. जमिनीपासून ७ ते १० सेंमी खुंट ठेवल्यास गवताखालून हवा खेळते. दाते मातीला लागू देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी वरचे दव उडताच, पाने अजून लवचीक असताना पुन्हा फिरवावा. गवत कुरकुरीत झाल्यावर टेडर नको. पाने झडून नुसत्या काड्या उरतात.

लसूण घासात ही काळजी अधिक घ्यावी. त्याची प्रथिने मुख्यतः पानांत असतात, म्हणून टेडर फक्त पहिल्या दिवशी, कमी वेगात चालवावा. मक्याची जाड ताटे याने वाळत नाहीत. मक्याचा मुरघासच करावा.

डोंगरउतारावर आणि लहान खाचरांत ट्रॅक्टर फिरत नाही. तिथे तुम्ही दाताळ्याने हेच काम याच वेळा पाळून करू शकता. संध्याकाळी गवताच्या ओळी कराव्यात, म्हणजे दवाने कमी भिजते. सकाळी पुन्हा पसरावे.

रचण्यापूर्वी जाड काडीचे पेर नखाने खरवडून पाहावे. ओल लागली, तर आणखी एक ऊन द्यावे. रचल्यावर पहिले काही आठवडे गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवावी व अधूनमधून काढून पाहावी. सळई हाताला चटका देण्याइतकी तापली असेल, तर आगीचा धोका आहे. गंजी गोठ्याजवळ रचूच नये.