‘उच्च जाती’चा दावा आणि बायकोचे नागरिकत्व : अमेरिकेच्या दारातला शंभर वर्षांचा इतिहास

आसेगावसारख्या वाशीम जिल्ह्यातल्या गावांतील मुले-मुली आज पुण्यात आयटीत नोकरी करतात, अमेरिकेची स्वप्ने पाहतात. पुढे लग्न झाले की प्रश्न सुरू होतात. नवरा एच-१बी व्हिसावर, बायको एच-४ वर. तिने नोकरी कशी करायची? ग्रीन कार्ड कधी मिळणार? हे प्रश्न फक्त कागदपत्रांचे वाटतात. पण त्यांना शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात जात ठळकपणे बसलेली आहे.

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने परक्या देशातून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांना नागरिकत्व मिळू शकत होते. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला. भारतीय दोन्हींत बसत नव्हते. मग काहींनी कोणता मार्ग काढला? आपण उच्चवर्णीय हिंदू, शुद्ध आर्य रक्ताचे, म्हणून गोरेच, असा दावा केला! १९१३ मध्ये अक्षयकुमार मजुमदार यांना याच दाव्यावर नागरिकत्व मिळाले. १९१४ मध्ये सखाराम गणेश पंडित हेही लॉस एंजेलिसच्या न्यायालयातून अमेरिकन नागरिक झाले आणि पुढे वकील बनले.

त्याच १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. रमाई इकडे, ते तिकडे. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथे जातीवरचा निबंध वाचला आणि जातीच्या आत लग्न करण्याचे बंधन हाच जातीचा गाभा असल्याचे दाखवून दिले. एकाच देशात, एकाच काळात काही भारतीय जातीचा दाखला देऊन दार उघडू पाहत होते आणि बाबासाहेब त्याच जातीची चिरफाड करत होते.

१९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. थिंड जातिभेद नाकारणाऱ्या शीख धर्मातले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले. त्यांचे वकील हेच पंडित. तरीही युक्तिवाद उच्च जातीचाच! गोरा अमेरिकन निग्रोकडे लग्नाच्या बाबतीत जसा पाहतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींकडे पाहतो, अशा अर्थाचे विधान त्यात होते. म्हणजे दुसऱ्याचा तिरस्कार हाच गोरेपणाचा पुरावा! न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला. सामान्य अमेरिकन माणूस तुम्हाला गोरा समजत नाही, एवढे कारण पुरले.

नंतर मिळालेली नागरिकत्वेही रद्द होऊ लागली. वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व गेले, मालमत्ता हातची गेली आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंडितांवरही खटला झाला. त्यांची पत्नी गोरी अमेरिकन होती. पण १९२२ च्या केबल कायद्यानुसार नागरिकत्वास अपात्र परक्याशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेच नागरिकत्व गमावत असे. नवरा अपात्र ठरला तर बायकोही देशहीन होईल, हे पंडितांनी न्यायालयात मांडले. १९२६ मध्ये ते जिंकले, पण आर्य रक्तावर नव्हे. एकदा अंतिम झालेला निकाल सरकारलाही पुन्हा उकरता येत नाही, या कायद्याच्या तत्त्वावर ते जिंकले.

मग भारतीयांसाठी दार उघडले कशाने? १९४६ च्या कायद्याने नागरिकत्वाचा हक्क दिला, पण वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा ठेवला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. खरे दार उघडले १९६५ च्या कायद्याने, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा रेटा होता. ज्यांच्याहून आपण वरचे आहोत असे सांगितले गेले, त्यांच्याच लढ्याचे फळ आज लाखो भारतीय खात आहेत.

आज गोरेपणाची अट नाही. पण नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची रांग नागरिकत्वावर नव्हे, जन्मदेशावर लागते. कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्के मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा दशकांत मोजावी लागते. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्या देशाच्या रांगेत जाता येते! जन्म आणि लग्न, पुन्हा हेच दोन दोर. एच-४ वरच्या जोडीदाराला २०१५ पर्यंत कामाचा हक्क नव्हता. आजही तो सर्वांना नाही, मुख्यतः नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापुढे गेल्यावर मिळतो. नवऱ्याची नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला तर तिचा दर्जाही जातो. केबल कायदा कधीच गेला, पण बायकोचे अस्तित्व नवऱ्याच्या फाईलला बांधण्याची रीत गेली नाही.

म्हणून आपल्या मुलींना माझे सांगणे आहे : स्वतःची पदवी, स्वतःची नोकरी, शक्य तेव्हा स्वतःचा एच-१बी यांचा आग्रह धरा. आणि सर्वांनाच सांगणे : “आम्ही हुशार, कायदेशीर, त्या मेक्सिकोवाल्यांसारखे नाही,” हे आज तिथल्या भारतीयांत ऐकू येणारे वाक्य थिंडच्या युक्तिवादाचीच नवी आवृत्ती आहे. तो युक्तिवाद १९२३ मध्ये नैतिकदृष्ट्याही हरला आणि कोर्टातही. आपण बाबासाहेबांचे वारस आहोत. दार उघडायचे तर सर्वांसाठी.

जय भीम!