भट्टी पुन्हा सुरू करण्याआधी

अमेरिकेत ओहायो राज्याच्या उत्तरेला, एरी सरोवराच्या काठी, ओक हार्बर गावाजवळ डेव्हिस-बेसी नावाचे अणुवीज केंद्र आहे. 16 फेब्रुवारी 2002 रोजी ते इंधन बदलण्यासाठी बंद झाले. असे काम एरवी काही आठवड्यांत उरकते. या वेळी मात्र केंद्र पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळायला 8 मार्च 2004 उजाडला. मधल्या दोन वर्षांत सुमारे 60 कोटी डॉलर खर्च झाले, भट्टीचे झाकण बदलले, पंप बदलले, भिंत फोडून पुन्हा बांधली. या सगळ्याला केंद्र चालवणाऱ्या कंपनीने आणि वर्तमानपत्रांनीही 'दुरुस्ती' म्हटले. माझ्या मते त्या दोन वर्षांतले सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचे काम धातूचे नव्हतेच. समोर दिसणाऱ्या खुणेचे कारण शोधायचे, ते सापडेपर्यंत पुढे जायचे नाही, ही सवय या केंद्रातून गेली होती. ती परत आणल्याशिवाय भट्टी चालू करणे म्हणजे नव्या झाकणाखाली जुनाच धोका ठेवणे झाले असते. हे म्हणणे पटवायचे तर केवळ 2002 पाहून भागणार नाही, या केंद्राचा आधीचा इतिहासही उलगडावा लागतो.

आधी घडले काय ते पाहू. या प्रकारच्या भट्टीत खेळणाऱ्या पाण्यात बोरिक आम्ल मिसळलेले असते, कारण बोरॉन न्यूट्रॉन शोषून साखळी प्रक्रिया आटोक्यात ठेवतो. भट्टीच्या घुमटाकार पोलादी झाकणातून 69 नळ्या वर निघतात आणि त्यांपैकी बहुतेकांतून नियंत्रण दांडे वरखाली होतात. काही नळ्यांना तडे गेले होते आणि त्यांतून पाणी अगदी थेंबाथेंबाने झिरपत होते. पाण्याची वाफ होऊन जाई, आम्ल मागे राही. 2002 च्या मार्चच्या सुरुवातीला तिसऱ्या क्रमांकाच्या नळीची दुरुस्ती चालू असताना ती नळी चक्क हलली. साडेसहा इंच जाड पोलादात घट्ट बसवलेली नळी हलायचे काही कारणच नव्हते. साचलेले आम्ल धुऊन काढल्यावर कारण कळले. नळीशेजारचे पोलाद पूर्ण जाडीभर खाल्ले गेले होते आणि तिथे हाताच्या तळव्याहून मोठा खड्डा पडला होता. तळाशी उरला होता तो फक्त आतल्या बाजूचा स्टेनलेस स्टीलचा अस्तराचा पत्रा, अर्ध्या इंचापेक्षाही पातळ. वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाब तो पत्रा एकटा पेलत होता. त्या दाबाने तो वर फुगला होता आणि त्यावर तडेही उमटू लागले होते. तो फाटला असता तर भट्टीतले तापलेले पाणी इमारतीत उसळले असते आणि पुढची सगळी मदार आपत्कालीन थंडाव्याच्या पंपांवर राहिली असती. त्या पंपांची स्थिती काय होती, ते पुढे येईलच.

हे आकस्मिक घडले असते तर माझा युक्तिवाद इथेच संपला असता. पण ते वर्षानुवर्षे घडत होते आणि दिसतही होते. भट्टीच्या इमारतीतली हवा तपासणाऱ्या यंत्रांचे फिल्टर 1999 पासून तपकिरी पुडीने तुंबू लागले. एरवी महिनोन्‌महिने टिकणारे फिल्टर पुढे दर एक-दोन दिवसांनी बदलावे लागत. ती पूड तपासून घेतली तर ती लोखंडाचा गंज निघाली. यावर उपाय काय झाला? हवा गाळणारी आणखी यंत्रे आणून बसवली. हवा थंड करणाऱ्या यंत्रांवर आम्लाचे थर बसत, ते वारंवार धुतले जात. एप्रिल 2000 मधल्या बंदकाळात काढलेल्या एका छायाचित्रात झाकणाच्या कडेच्या छिद्रांतून लालसर तांबूस ओघळ बोल्टांवर उतरलेले स्पष्ट दिसतात. शुद्ध बोरिक आम्ल पांढरे असते. ते लाल झाले याचा अर्थ त्यात कुठले तरी पोलाद विरघळत होते. झाकण नीट पाहता यावे म्हणून त्यावरच्या आवरणाला मोठी दारे पाडण्याचा प्रस्ताव 1990 पासून होता, पण प्रत्येक वेळी तो पुढे ढकलला गेला. त्यामुळे झाकण पाहायचे ते तळाच्या लहान छिद्रांतून, जेवढे दिसेल तेवढेच. प्रत्येक खुणेची नोंद झाली, प्रत्येकीवर काही ना काही इलाज झाला, आणि गंज येतो कुठून हा प्रश्न तसाच राहिला.

जुना इतिहास पाहिला की हा प्रसंग एकटा उरत नाही. 24 सप्टेंबर 1977 रोजी, म्हणजे केंद्र नुकतेच सुरू झालेले असताना, दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. दाब राखणाऱ्या टाकीतल्या पाण्याची पातळी वाढलेली दिसल्यामुळे कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पंपांचे पाणी तोडले. प्रत्यक्षात भट्टीतले पाणी निसटत होते. केंद्र तेव्हा अगदी कमी क्षमतेवर चालत होते, म्हणून निभावले. भट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीतले अभियंते बर्ट डन यांनी 1978 च्या सुरुवातीला लेखी इशारा दिला की हीच चूक पूर्ण क्षमतेवर झाली तर भट्टीचा गाभा उघडा पडेल. त्या इशाऱ्यावरून इतर केंद्रांच्या सूचना बदलल्या गेल्या नाहीत. 28 मार्च 1979 रोजी त्याच बनावटीच्या थ्री माइल आयलंडच्या भट्टीत तोच व्हॉल्व्ह अडकला, तीच चूक झाली आणि गाभा वितळला.

पुढचा प्रसंग 9 जून 1985 चा. रात्री दीडच्या सुमारास वाफ-जनित्रांना पाणी पुरवणारा एक मुख्य पंप बंद पडला, पाठोपाठ दुसऱ्याची वाफ तुटली. राखीव पंप हाताने सुरू करायला गेलेल्या कर्मचाऱ्याने गडबडीत चुकीची दोन बटणे दाबली आणि जनित्रांकडे जाणारे पाणीच अडले. राखीव पंपही प्रमाणाबाहेर वेगाने फिरून बंद पडले. कर्मचारी जिने उतरून खालच्या खोल्यांकडे धावले, कुलपे उघडली आणि पंप हाताने पुन्हा लावले. सुमारे बारा मिनिटे भट्टीची उष्णता काढून नेणारे पाणी नव्हते. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाच्या चौकशी पथकाने मुळाशी काय दाखवले, तर यंत्रांच्या निगराणीतला हलगर्जीपणा, आणि बिघाड झाला की मूळ कारण न शोधता वरवर दुरुस्ती करून पुढे जाण्याची रीत. केंद्र सुमारे दीड वर्ष बंद होते. ते डिसेंबर 1986 मध्ये पुन्हा चालू झाले, तेव्हा यंत्रांत कितीतरी सुधारणा झाल्या होत्या. 2002 च्या चौकशीत पुन्हा तेच निदान निघाले. एकाच केंद्रात सतरा वर्षांच्या अंतराने एकच निदान निघते, तेव्हा पहिल्या वेळी रोग बरा झालाच नव्हता, असेच म्हणावे लागते.

2002 नंतरच्या तयारीचे वेगळेपण इथेच आहे. झाकणाचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. मिशिगनमधल्या मिडलंड येथे त्याच बनावटीचे केंद्र बांधले जात होते. जमीन खचल्यामुळे आणि खर्च आवाक्याबाहेर गेल्यामुळे 1984 मध्ये ते काम सोडून द्यावे लागले. तिथले न वापरलेले झाकण विकत घेतले, भट्टीच्या इमारतीची काँक्रीटची भिंत आणि आतले पोलादी कवच कापून ते आत नेले, आणि भिंत पुन्हा बांधली. पण नियामक आयोगाने एप्रिल 2002 मध्येच खास देखरेख मंडळ नेमले होते आणि नवे झाकण बसले एवढ्याने त्याचे समाधान होणार नव्हते. सगळ्या महत्त्वाच्या यंत्रणा नव्याने तपासायला घेतल्या तेव्हा झाकणाशी संबंध नसलेले दोष पुढे आले. गळती झाल्यास इमारतीच्या तळाशी साठणारे पाणी गाळून पुन्हा भट्टीकडे पाठवावे लागते. त्या गाळणीचे क्षेत्र सुमारे 50 चौरस फूट होते. तुटलेले रंग आणि आवरणांचे तुकडे अडकून ती तुंबली असती, म्हणून ती सुमारे 1200 चौरस फुटांची केली. त्याच पाण्यातला बारीक कचरा उच्च दाबाच्या आपत्कालीन पंपांच्या आतल्या भागांना निकामी करू शकतो, हेही आढळले आणि पंपांत बदल झाले. म्हणजे पातळ पत्रा फाटला असता तर ज्या यंत्रणेवर सगळी मदार होती, तीच वेळेला दगा देऊ शकत होती. हा दोष बांधणीपासूनचा होता. तो सापडला तो कोणी तरी शेवटी नीट शोधायला बसले म्हणून.

सप्टेंबर 2003 मध्ये अणुप्रक्रिया सुरू न करता, पंपांच्या उष्णतेवर भट्टी नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला नेली, आठवडाभर तशीच ठेवली आणि नंतर थंड करून कुठे झिरप आहे का ते पाहिले. ही कसोटी पार पडली. तरीही डिसेंबर 2003 मधल्या तपासणीत नियंत्रण कक्षातल्या कामकाजात उणिवा आढळल्या आणि परवानगी लांबली. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. लोखंड तयार होते, रोज लाखो डॉलरची वीज बुडत होती, आणि तरी माणसे अजून तयार नाहीत असे म्हणणारा कोणी तरी होता. परवानगी मिळाली तीही अटीसह. कामकाज, अभियांत्रिकी, दोषनिवारण आणि सुरक्षेची संस्कृती या चार बाबींचे पाच वर्षे दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन करायचे होते.

यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की घटना घडून गेल्यावर सगळ्या खुणा स्पष्टच दिसतात, बोरिक आम्ल एवढे पोलाद खाईल हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? पण बोरिक आम्लाने पोलाद गंजते हे उद्योगाला आधीपासून माहीत होते. फ्रान्समधल्या ब्युजे केंद्रात 1991 मध्येच अशी नळी गळताना सापडली होती. 2001 मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या ओकोनी केंद्रात नळ्यांना आडवे तडे सापडल्यावर आयोगाने अशा केंद्रांना वर्षअखेरपर्यंत झाकणे तपासायला सांगितले होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्या आयोगाने परीक्षक व्हायचे, तो स्वतः निर्दोष होता का? नव्हता. डेव्हिस-बेसीने मुदत वाढवून मागितली आणि आयोगाने बंद करण्याचा आदेश लागू न करता 16 फेब्रुवारीची तडजोड स्वीकारली. कंपनीवरचा आर्थिक भार कमी करण्याच्या इच्छेचा त्या निर्णयावर प्रभाव होता, असा निष्कर्ष आयोगाच्याच महानिरीक्षकांनी डिसेंबर 2002 मध्ये काढला. पण यातून परीक्षा ढिली करावी असे निघत नाही. विचारण्याची सवय परीक्षकानेही परत कमवायला हवी, एवढेच निघते. तिसरा आक्षेप म्हणजे संस्कृती मोजता येत नाही, तिच्या नावाखाली परवानगी अडवणे हा अधिकाऱ्यांच्या मर्जीचा कारभार होतो. यात तथ्य आहे. प्रश्नावल्या भरून घेतल्याने माणसे बदलत नाहीत, आणि केवळ सर्वेक्षणाच्या आकड्यांवर केंद्र अडवले असते तर मीही विरोध केला असता. पण एखाद्या कर्मचाऱ्याने लिहिलेल्या दोषाच्या नोंदीचे पुढे काय झाले, कारण शोधले की निस्तरून टाकले, दुरुस्ती किती वेळा पुढे ढकलली, हे कागदावर तपासता येते. 1999 च्या फिल्टरांच्या नोंदी याच पद्धतीने वाचल्या असत्या तर झाकण उघडून पाहावे लागलेच असते.

मार्च 2010 मध्ये केंद्र पुन्हा इंधनासाठी बंद असताना ध्वनिलहरींनी केलेल्या तपासणीत मिडलंडहून आणलेल्या झाकणाच्या अनेक नळ्यांना तडे आढळले. त्या नळ्याही जुन्याच मिश्रधातूच्या होत्या, आणि झाकण 2014 मध्ये बदलू हा कंपनीचा अंदाज चुकला होता. पण या वेळी पोलाद खाल्ले जाण्याआधी तडे सापडले, नळ्या दुरुस्त झाल्या आणि अधिक टिकाऊ मिश्रधातूच्या नळ्या असलेले नवे झाकण 2011 च्या शरद ऋतूतच आणले गेले. ते आत नेण्यासाठी भिंत पुन्हा कापली, तेव्हा कापलेल्या काँक्रीटच्या आत एक बारीक तडा दिसला. शोधत गेल्यावर तो भिंतीच्या इतर भागांतही आढळला, आणि त्याचे कारण 1978 च्या हिमवादळापर्यंत मागे गेले. झाकण बसवून झाले होते, तरी भिंत भार पेलू शकते हे आयोगाला पटेपर्यंत भट्टी थांबवून ठेवली होती. ती डिसेंबर 2011 मध्ये सुरू झाली.