तास कुणाचे मोजायचे?

पिंपरी-चिंचवडमध्ये वेळ मोजायची सवय हवेतच आहे. मशीनवर एक जॉब व्हायला किती सेकंद लागतात हे लिहिलेलं असतं, ओव्हरटाइम तासांवर मिळतो, आणि कंपनीच्या बसची वेळ घरातल्या लहान पोरालाही पाठ असते. मी काही वर्षं भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होतो आणि नंतर बराच काळ याच पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं. दोन्हीकडच्या कागदांत मला एक फरक कायम खुपत आला. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याचा वेळ मोजत. कॉलेजात शिकवणाऱ्याचा मोजत. एखादा विषय समजून घ्यायला विद्यार्थ्याचे किती तास जातात, हा रकानाच कुठल्या फॉर्मवर नव्हता.

हा रकाना युरोपात तयार झाला. तो तिथे कसा आला आणि आपल्याकडे येताना त्याचं काय झालं, हा इतिहास पदवीच्या किमतीशी थेट जोडलेला आहे. म्हणून तो जरा नीट पाहू.

१९९० च्या दशकात युरोपातल्या पदव्या म्हणजे वीस गावची वीस मापं होती. इंग्लंडात तीन वर्षांत बॅचलर व्हायचं. इटलीत 'लाउरेआ' नावाची लांबलचक पदवी, जिच्या आधी मधला टप्पा जवळपास नव्हताच. जर्मनीत इंजिनिअर व्हायचं तर 'डिप्लोम' घ्यायचा, म्हणजे कागदावर नऊ-दहा सेमिस्टर आणि प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून जास्त. हा शब्द आपल्याकडे गमतीदार घोटाळा करतो. आपला डिप्लोमा दहावीनंतरचा, पॉलिटेक्निकचा. त्यामुळे जर्मन साहेबाच्या कार्डावर 'डिप्लोम-इंजेनिअर' वाचून तो डिग्रीवाला नसावा असं कुणाला वाटलं, तर त्यात नवल नाही. खरं तर त्याची पदवी आपल्या एम.ई.च्या तोडीची. एका देशातलं नाव दुसऱ्या देशात काहीतरी भलतंच सांगतं, ही अडचण युरोपातल्या शेजाऱ्यांनाही होतीच.

मे १९९८ मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन यांचे शिक्षणमंत्री पॅरिसला सोरबोनमध्ये जमले आणि पदव्यांची रचना एकमेकांना कळेल अशी करायचं त्यांनी जाहीर केलं. पुढच्या वर्षी, १९ जून १९९९ रोजी, इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांच्या मंत्र्यांनी त्याच धर्तीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. बोलोन्याचं विद्यापीठ आपला जन्म १०८८ सालचा सांगतं आणि युरोपातलं सर्वांत जुनं म्हणून ओळखलं जातं. जाहीरनामा मात्र चार-दोन पानांचा आणि कायद्याने कुणालाच न बांधणारा. पदव्या सहज वाचता याव्यात, बॅचलर आणि त्यापुढचं शिक्षण असे दोन टप्पे असावेत, क्रेडिटची पद्धत असावी, विद्यार्थी-शिक्षकांनी देशोदेशी फिरावं, दर्जा तपासण्यात सहकार्य असावं, अशा मोजक्या गोष्टी त्यात होत्या.

यातली क्रेडिटची गोष्ट आधीच सुरू झालेली होती. १९८७ साली 'इरास्मस' योजना आली आणि विद्यार्थी एखादं सेमिस्टर परदेशात काढू लागले. परत आल्यावर प्रश्न पडायचा, की तिथे शिकलेलं इथे कसं धरायचं? त्यासाठी १९८९ पासून एक हिशोब वापरून पाहिला गेला. पूर्ण वर्षाचं शिक्षण म्हणजे ६० क्रेडिट. पुढे ठरलं की एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण २५ ते ३० तासांचं काम. लेक्चर, प्रयोगशाळा, वाचन, प्रोजेक्ट, परीक्षेची तयारी, सगळं धरून. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. बॅचलरला १८० क्रेडिट, पुढे मास्टरला बहुधा १२०.

बोलोन्याबद्दल बोलताना लोक 'तीन अधिक दोन' हे सूत्र सांगतात. मला त्यातली मोठी उलथापालथ ही तासांची वाटते. प्राध्यापक किती वेळ बोलला याला तिथे स्वतंत्र किंमत उरली नाही. विद्यार्थ्याने किती काम केलं, हे एकक झालं.

हे काही सुखासुखी झालं नाही. २००९ साली ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या विद्यार्थ्यांनी सभागृहं ताब्यात घेतली, व्हिएन्ना विद्यापीठाचं मोठं सभागृह तर कित्येक आठवडे त्यांच्याकडे होतं. पाच वर्षांचा ऐवज तीन वर्षांत कोंबला, दर सेमिस्टरला परीक्षा, विचार करायला उसंत नाही, अशी तक्रार होती. घोका, ओका, विसरा या प्रकाराला जर्मन पोरांनी खाण्याच्या एका विकाराचं नाव देऊन ठेवलं होतं. इंजिनिअरिंगवाले तर हटूनच बसले. 'डिप्लोम-इंजेनिअर' ही त्यांच्या मते जगभर चालणारी मोहोर होती, ती का पुसायची? ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मेकॅनिकलचा डिप्लोम आजही मिळतो. तरीही २०१० साली युरोपीय उच्चशिक्षण क्षेत्र अधिकृतपणे सुरू झालं, आणि बहुतेक ठिकाणी जुनी नावं गेली.

आता आपल्याकडे येऊ. बोलोन्यात सह्या झाल्या त्याच १९९९ साली निगडीत पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग सुरू झालं. आकुर्डीचं डी. वाय. पाटील त्याच्या आधीचं, १९८४ चं. एमआयडीसीच्या कुशीत कॉलेजं उभी राहत होती आणि ती सगळी पुणे विद्यापीठाला संलग्न होती. हा 'संलग्न' शब्द महत्त्वाचा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज या व्यवस्थेत गेलं आणि विश्वेश्वरय्या तिथूनच एल.सी.ई. झाले. १९४९ साली पुणे विद्यापीठ झालं, तेव्हा हीच रीत पुढे चालू राहिली. म्हणजे समान दर्जा ही कल्पना आपल्याला नवी नव्हती. ती युरोपातल्या या खटपटीपेक्षा शंभर-सव्वाशे वर्षं जुनी होती. फक्त आपल्या लेखी समान दर्जा म्हणजे समान प्रश्नपत्रिका. बारामतीचा आणि निगडीचा विद्यार्थी एकाच दिवशी एकच पेपर सोडवायचा, म्हणून दोघांची पदवी सारखी.

या जमिनीत क्रेडिटचं रोप लावलं गेलं. पुण्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी एकमेकांची ओळख पॅटर्नवरून विचारतात. तू २०१५ पॅटर्नचा की २०१९ चा? आता २०२४ चा आला आहे. या पॅटर्नांबरोबर मार्कशीटवर क्रेडिटचा रकाना आला, ग्रेड आल्या, एसजीपीए आला. पण क्रेडिट म्हणजे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या व्याख्येप्रमाणे, सेमिस्टरभर आठवड्याला एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. मोजमाप पुन्हा टाइमटेबलचं. फळ्यासमोर उभा राहणारा माणूस हाच पुन्हा एकक. घरी बसून ड्रॉइंग काढणं, दोन सबमिशनच्या मध्ये जागून काढलेली रात्र, यांना त्या हिशोबात जागा नव्हती. शब्द युरोपातला आला, त्याच्या पोटातली गोष्ट तिकडेच राहिली.

दुसऱ्या बाजूने आणखी एक समान माप आलं, ते इंजिनिअरिंगपुरतं. १९८९ च्या 'वॉशिंग्टन करारा'तले देश एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या तुल्य मानतात. भारत जून २०१४ मध्ये त्याचा कायम सदस्य झाला. त्यासाठी नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनने 'विद्यार्थ्याला शेवटी काय येतं' यावर दर्जा तपासायला सुरुवात केली. कल्पना उत्तम. कॉलेजात तिचं रूप 'सीओ-पीओ मॅपिंग' असं दिसलं. प्रत्येक विषयाची पाच-सहा उद्दिष्टं, अभ्यासक्रमाची बारा, आणि त्यांच्या चौकटीत १, २, ३ असे आकडे. समिती यायच्या आधी आम्ही काही जणांनी हे तक्ते रात्री बसून भरले आहेत. कुठल्या आकड्यामागे कुठला विद्यार्थी उभा आहे, हे त्या रात्री कुणी विचारलं नाही.

यात एक बारीक अट आहे, जी पालकांना सहसा कुणी सांगत नाही. वॉशिंग्टन कराराचा लाभ 'टियर वन' संस्थांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना मिळतो, म्हणजे ज्या स्वतःचा अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवतात त्यांना. विद्यापीठाचा पेपर सोडवणाऱ्या संलग्न कॉलेजाला मान्यता मिळाली तरी ती 'टियर टू'. म्हणजे ज्या समान पेपरवर आपण दीडशे वर्षं विसंबलो, तोच या नव्या मापात उणा ठरला. जर्मनीने तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रं आधी दिल्लीत तपासून घ्यायची अट घातली. मार्कशीटवर ग्रेड, क्रेडिट सगळं असतं, तरी ती खरी आहे का हे कुणीतरी वेगळं पाहतं. समान माप छापता येतं. त्यावरचा विश्वास छापता येत नाही.

आता या पट्ट्यातल्या दुसऱ्या शाळेकडे वळतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. १९६१ साली अप्रेंटिस कायदा आला आणि साठच्याच दशकात टेल्को, बजाज, एसकेएफ, केएसबी असे कारखाने पिंपरी, आकुर्डी, चिंचवडला उभे राहत गेले. औंध आणि मोरवाडीच्या आयटीआयमधून फिटर, टर्नर, मशिनिस्ट झालेली पोरं इथे अप्रेंटिस म्हणून घासली गेली. टेल्कोत तयार झालेल्या अनेकांनी पुढे भोसरीत स्वतःची लेथ टाकली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही पिंपरीहून तिकडे गेली, आणि काही वर्षांत चाकणला जर्मन धर्तीवर मेकॅट्रॉनिक्सचं प्रशिक्षण मिळू लागलं. थोडा वेळ वर्गात, बराच वेळ यंत्रावर.

जर्मनीत या वाटेने गेलेल्या माणसाचं काय होतं? तो पुढे 'माइस्टर' होऊ शकतो. २०१२ साली तिथे ठरलं की राष्ट्रीय चौकटीत माइस्टर आणि बॅचलर दोघेही सहाव्या पातळीवर. २०२० पासून तर काही व्यावसायिक पात्रतांना 'बॅचलर प्रोफेशनल' असं नाव लावता येतं. विद्यापीठांनी नाकं मुरडली, पण हातकाम करणाऱ्याचे तास आणि पुस्तकवाल्याचे तास एका रांगेत बसवले गेले.

महाराष्ट्रात अशी शिडी नाही असं नाही. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय, मग पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन अधिक दोन अधिक तीन, सात वर्षं. बारावी करून आलेल्याला सहा लागतात. एकाच वर्षाचा फरक! युरोपाला विचारून केलेली ही सोय नाही, आणि माझ्या वर्गातली मशीन खऱ्या अर्थाने ओळखणारी पोरं बहुतेक याच वाटेने आलेली असत. पण ही शिडी दिवसाची आहे. फर्स्ट शिफ्टला कारखान्यात असलेल्याने ती चढायची कशी?

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीने इथे पहिल्यांदा दार किलकिलं केलं आहे. वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास. एक क्रेडिट म्हणजे शिकणाऱ्याचे ३० तास. चौकटीच्या कागदावर तरी एकक अखेर विद्यार्थी झाला. शिवाय कामाचा अनुभवही क्रेडिटमध्ये धरायची तरतूद आहे, त्याला जास्तीत जास्त दुप्पट वजन देण्यापर्यंत. आता हिशोब करून पाहा. आठवड्याला ४८ तास आणि वर्षाचे ४६-४७ आठवडे धरले, तर चाकणचा ऑपरेटर वर्षाला २२०० च्या वर तास काम करतो. शैक्षणिक वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. सगळे तास शिकण्याचे नसतात, हे मान्य. तेच बटण दहा हजारदा दाबणं म्हणजे शिक्षण नव्हे. म्हणून कुणीतरी जाणकाराने मशीनजवळ जाऊन पाहायला हवं, की यातलं किती या माणसाच्या हातात आणि डोक्यात उतरलं. तो जाणकार कोण, आणि त्याची सही विद्यापीठ मानणार का, इथे गाडी अडते. ज्या व्यवस्थेला स्वतःच्या संलग्न कॉलेजाच्या अंतर्गत गुणांवर फार भरवसा नाही, तिला शॉपफ्लोअरवरच्या फोरमनची सही कशी पटावी?

इकडे वेळ फारसा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परदेशी कारागिराची पात्रता तपासून मान्य करण्याचा कायदा जर्मनीत २०१२ पासून आहे. तिथे अर्ज करणाऱ्याला विचारतात, किती तासांचं प्रशिक्षण झालं, कुठल्या यंत्रावर, काय काय केलं? नसलेलं तिकडे भरून काढता येतं, पण असलेलं दाखवावं लागतं. म्हणजे औंधच्या आयटीआयमधून निघून चाकणला आठ वर्षं काढलेल्या फिटरचे तास स्टुटगार्टमधला एक कारकून बारकाईने वाचेल. त्याच फिटरला निगडीत संध्याकाळच्या डिग्रीला यायचं असेल, तर मात्र त्याच तासांसाठी आमच्याकडे अजून रिकामी चौकटसुद्धा नाही. ती आखायला बोलोन्याला जावं लागत नाही. मोरवाडी ते निगडी हे अंतर पुरेसं आहे.