शब्दवेध : गोबेलिन

भिंतीवर टांगावयाच्या लोकरी विणचित्रास युरोपातील अनेक भाषांत सरसकट 'गोबेलिन' म्हणतात, तेव्हा हा शब्द मागाचा, धाग्याचा अथवा निदान एखाद्या विणकराचा असावा, असा तर्क होणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुतः ते पंधराव्या शतकात पॅरिसनजीक बिएव्ह्र नदीच्या काठी लाल रंगासाठी ख्याती पावलेल्या एका मातब्बर रंगारी घराण्याचे आडनाव होय. सतराव्या शतकाच्या प्रारंभी त्या रंगाऱ्यांच्या वास्तूत फ्लेमिश विणकरांचे माग लागले, आणि १६६२ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने ती मिळकत राजाकरिता खरेदी करून तेथे सरकारी कारखाना उभारला, तेव्हा घराण्याचे नाव मालास चिकटले.

पुढे तैलचित्राची हुबेहूब नक्कल करण्याच्या हव्यासाने या कलेत रंगच्छटांचे पीक माजले. त्यास आळा घातला तो विसाव्या शतकात ओब्यूसाँ येथे झाँ ल्युर्सा या चित्रकाराने, मोजक्या छटा आणि प्रत्येक रंगक्षेत्रावर क्रमांक घातलेला आराखडा विणकराच्या हाती देऊन. काटेकोरपणे पाहता ओब्यूसाँचे विणकाम गोबेलिन नव्हे. तथापि लोकव्यवहार असली सनद मागत नाही. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी १९६० च्या दशकात भिंत सोडून अधांतरी लोंबणाऱ्या, प्रामुख्याने सिसलच्या प्रचंड विणाकृती घडविल्या, तेव्हा त्यांनाही आडनावावरूनच 'आबाकान' हे अभिधान लाभले. फरक इतकाच की, या खेपेस आडनाव खरोखरच विणणारीचे होते.