परळमधली शिष्यपरंपरा

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण सुरुवातीची कित्येक दशके त्याचे मुख्य काम परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे होते. वैद्यकीय संशोधन व्हायचे ते सरकारी प्रयोगशाळांत. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये गेली. लशीच्या लाखो मात्रा तिथून बाहेर पडल्या. संचालकाच्या खुर्चीत साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय बसायला मात्र १९३२ साल उजाडावे लागले.

त्याच परळमध्ये १९२६ साली केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झाले. देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अट स्पष्ट होती: शिकवणारे भारतीयच हवेत. ग्रँट मेडिकलमधल्या मोठ्या जागा तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या हातात असत. त्यामुळे ही अट म्हणजे एका पिढीसाठी उघडलेले दारच होते.

त्या पिढीतले वसंत रामजी खानोलकर. मूळ घराणे गोमंतकातले, जन्म क्वेट्ट्याचा, पॅथॉलॉजीतली एम. डी. लंडनची, १९२३ सालची. दोन्ही कॉलेजांत शिकवून झाल्यावर, १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली येणारी गाठ कोणाच्या अंगावरची, तो माणूस काय नेसतो, काय ओढतो, हे ते बारकाईने विचारत. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला त्याच जागी काचत राहिली की तिथली कातडी काळवंडते, कधी चिघळते, आणि काहींच्या बाबतीत तिथेच कर्करोग होतो. आंध्र किनाऱ्यावर चुट्टा या जाड विडीचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा कर्करोग होतो. राहणी आणि कर्करोग यांचा असा संबंध सांगणारा त्यांचा शोधनिबंध १९४५ साली आला. परदेशी पाठ्यपुस्तकांतून असला धडा मिळणे शक्य नव्हते.

त्यांच्या हाताखाली आलेल्या कमल रणदिवे डॉक्टर नव्हत्या. पुण्याच्या हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये, तिथून कृषी महाविद्यालयात असा त्यांचा प्रवास. एम. एस्सी.चा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे! वनस्पतीच्या पेशी पाहणाऱ्या मुलीला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत जागा देणे, हा मला खानोलकरांचा सर्वांत दूरदर्शी निर्णय वाटतो. काम रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणि पदवी मुंबई विद्यापीठाची, अशी रणदिवे यांची पीएचडी १९४९ मध्ये झाली.

मग शिष्यवृत्ती घेऊन त्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. १९५१ साली ‘हेला’ या प्रसिद्ध मानवी कर्कपेशी वाढल्या त्या याच प्रयोगशाळेत. रणदिवे तिथे ऊतिसंवर्धन शिकल्या. गाठीचा तुकडा बारीक कापायचा, काचेच्या नळीत पोषक द्रवात ठेवायचा, शरीराइतकी ऊब राखायची, द्रव वेळेवर बदलायचा. एक जंतू आत शिरला तर कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात. हे पुस्तक वाचून येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहून हात बसवावा लागतो.

खानोलकरांनी १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे केले. परतलेल्या रणदिवे यांनी तिथे देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि आपण शिकलेले पुढच्या मुलामुलींच्या हाती दिले. परदेशी प्रशिक्षणाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते इथे. स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उंदरांवर सुरू झाला, कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम झाले. खानोलकर पुढे १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६६ पासून चार वर्षे सेंटरची धुरा रणदिवे यांनी सांभाळली. संशोधनात स्त्रियांची संख्या वाढावी म्हणून १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली.

दरम्यान, १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतल्या टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली आले होते. २००२ मध्ये संशोधनाचा पसारा खारघरला हलला. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेला २००५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि टाटा मेमोरियल सेंटर तिची घटक संस्था झाले. त्यामुळे खारघरला पीएचडी करणाऱ्यांना आता तिची पदवी मिळते, आणि त्यांचे गाइड तिथेच काम करणारे शास्त्रज्ञ असतात.