'सेटल' आणि राजापूरची वखार

इंग्रजीतील 'सेटल' या क्रियापदाला मराठीत एकच एक प्रतिशब्द देता येत नाही. माणूस एखाद्या गावी स्थायिक होतो, पाण्यातील गाळ तळाशी बसतो, तंटा मिटतो, हिशेब चुकता होतो, सरकार जमिनीचा सारा ठरवते. इंग्रज या सर्वांसाठी हाच शब्द वापरतो. जुन्या इंग्रजीत त्याचे मूळ 'बसण्याची जागा' असे आहे. त्यामुळे आपले 'बसणे' त्याला सर्वांत जवळचे. मराठीतही पेठ बसते, घडी बसते, आणि परक्याचे बस्तानही बसते. कोकणातील राजापूरला या क्रियापदाचे बहुतेक अर्थ इतिहासाने शिकवले.

सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांतून वखार 'सेटल' केली जाई. घाटावरून उतरणारे कापड आणि मिरी यांच्या ओढीने कंपनीने राजापूरच्या खाडीकाठी आपली वखार बसवली. व्यापार करून गप्प बसले असते तर पुढचे काही घडले नसते. पण १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला गेला. गडावर गोळे डागताना इंग्रजांचे निशाणही फडकत होते.

शिवाजी महाराजांनी हा हिशेब १६६१ मध्ये मिटवला. राजापूरवर चाल झाली, वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी कैद झाले. काही जण कैदेतच मरण पावले. उरलेले शेवटचे कैदी १६६३ मध्ये सुटले. सुरतेच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही कैद्यांना खरमरीत उत्तर पाठवले होते: तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना पकडले गेला नाहीत, पन्हाळ्यावर गोळे फेकल्याचे हे फळ आहे. नुकसानभरपाई मागताना मात्र कंपनीला या स्पष्टोक्तीचा सोयीस्कर विसर पडला.

मागणी वर्षानुवर्षे चालू राहिली. अखेर १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला आणि जूनमध्ये तह झाला. भरपाई ठरली १०,००० होन. ती देण्याची तऱ्हा मोठी पाहण्याजोगी आहे. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल ५,००० होनांचा माल महाराजांकडून घ्यावा आणि निम्मीच किंमत मोजावी. म्हणजे ७,५०० होन वळते झाले. उरलेले २,५०० राजापूरच्या वखारीच्या जकातीतून वजा व्हावेत. खजिन्यातून रोकड मोजण्याची वेळच येत नव्हती; शिवाय भरपाई पुरती वसूल करायची तर इंग्रजांना राजापुरात पुन्हा येऊन व्यापार करणे भाग होते. तंटा 'सेटल' करण्यासाठी वखार 'सेटल' करावी लागणार होती. किनाऱ्यावर फुटलेली जहाजे परत मिळावीत, हे कलम मात्र महाराजांनी मान्य केले नाही. वखार पुन्हा उघडली, पण फार काळ टिकली नाही.

या क्रियापदातील धोका सर्वांत नेमका ओळखला तो रामचंद्रपंत अमात्यांनी. 'आज्ञापत्रा'त ते बजावतात की टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राज्यकर्ते आहेत. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकाठी किंवा खाडीच्या मुखाशी देऊ नये, आणि पक्की इमारत तर मुळीच बांधू देऊ नये. टोपीकराने यावे, जावे, व्यापार करावा. मूळ धरू नये.

पेशवाई बुडाल्यावर हेच क्रियापद सरकारी दप्तरात शिरले. जमाबंदीला इंग्रजीत 'सेटलमेंट' म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यासाठी १८८० मध्ये जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'खोती सेटलमेंट' होते. खोत आणि कुळे यांचे हक्क त्याने कागदावर ठरवले, पण दोघांमधला खोत कायम राहिला. कुळांच्या दृष्टीने तंटा मिटला नव्हता. म्हणूनच १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. खोती कायद्याने रद्द व्हायला स्वातंत्र्यानंतरचा १९४९चा कायदा यावा लागला.

आज राजापूर तालुक्यात हा शब्द इंग्रजी न जाणणाऱ्या आजीच्याही तोंडी असतो. चाकरमानी मुलाविषयी कोणी विचारले, तर उत्तर येते, "तो मुंबईत सेटल झाला." गणपतीला घर उघडते, विसर्जनानंतर पुन्हा कुलूप लागते.